चौथ्या गाण्यातला बेंजो

चार वर्षं मी बाबांना एकच थाप मारत आले. बेंजो गिरगावात दुरुस्तीला दिलाय. महिन्या-दोन महिन्यांनी ते विचारायचे, "आला का गो?" मी म्हणायचे, "कुठला येतोय. पार्ट मिळत नाहीये. बाहेरून मागवलाय म्हणे." कुठला पार्ट, बाहेरून म्हणजे कुठून, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी बोबडीच वळली असती, कारण तेवढं पुढचं मी ठरवून ठेवलं नव्हतं. खरी गोष्ट एवढीच होती की बेंजो मी देऊन टाकला होता. कुणाला न विचारता, एका दुपारी, रागाच्या भरात.

आमच्या लालबागमध्ये बेंजो म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पण माझ्या पुण्याच्या एका मैत्रिणीला एकदा सांगावं लागलं होतं, म्हणून इथेही सांगते. मांडीवर मावेल अशी लांबट लाकडी पेटी. वर तारा ताणलेल्या आणि त्यांच्यावर टाइपरायटरला असतात तशी बटणं, त्यांना आम्ही की म्हणतो. डाव्या हाताने की दाबायच्या आणि उजव्या हातात नखी धरून, म्हणजे प्लास्टिकचा चपटा तुकडा धरून, तारा छेडायच्या. वायर जोडली, भोंगे लावले, मागे ढोल-ताशे उभे केले की झाली बेंजो पार्टी. गणपती आणायचा असो, हळद असो, दहीहंडी असो, बेंजोवाचून पाऊल हलत नाही. पुढे सगळं नाचत असतं आणि हे सगळे पाय एक माणूस बसल्या जागेवरून हलवत असतो. तो माणूस माझे बाबा.

बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मिल बंद पडली तेव्हा मी चौथीत होते. तोवर बेंजो हौसेचा होता, मग तो घर चालवायला लागला. बाबा शिकलेले काही नव्हते. सा रे ग म त्यांना आजही सांगता येणार नाही. त्यांनी प्रत्येक कीला नंबर दिला होता आणि कुठलंही गाणं दोनदा ऐकलं की ते त्याचे नंबर कागदावर उतरवायचे. पार्टीतली पोरं ते कागद पाठ करायची. "हात हलका ठेव रे," हे त्यांचं वाक्य मी झोपेतसुद्धा ऐकलंय. "तार तोडायची नाय, बोलती करायची."

मला शिक असं ते कधी म्हणाले नाहीत. मी दाराच्या चौकटीत बसून ऐकायचे, एवढंच. दहा-अकरा वर्षांची असताना बाबा खाली गेले होते तेव्हा मी बेंजो मांडीवर घेतला, कंगव्याचा तुटका दात नखी म्हणून धरला आणि आरतीची पहिली ओळ काढली. बरोबर काढली. मान वर केली तर दारात बाबा. मला वाटलं शाबासकी मिळणार. ते रागावले किंवा गडबडले की मालवणीत बोलायचे, एरवी मुंबईचंच. म्हणाले, "चेडवांचा काम नाय ता." पोरींचं काम नाही ते. बेंजो उचलला, कापडात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. त्यानंतर वाजवून झालं की तो कायम माळ्यावरच जायचा, माझा हात पोचणार नाही अशा जागी. आई म्हणायची, अगं मिरवणुकीत कसली कसली माणसं असतात, दारू पिऊन शिट्ट्या मारतात, बापाला भीती वाटते. ते मला नंतर कळलंही. पण कळलं म्हणून राग जातो असं कुठे आहे? माझा गेला नाही. मी मोठी झाले, लग्न झालं, आई गेली, आणि तो राग आपला बसून होता, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा.

मी परळच्या एका हॉस्पिटलमध्ये रक्त काढते. सत्तावीस वर्षं झाली. बढाई नाही मारत, पण सकाळी रांगेतली माणसं विचारतात, "त्या ताई आहेत का आज? त्यांचा हात हलका आहे." माझ्याच हॉस्पिटलमध्ये चार वर्षांपूर्वी बाबांना आणलं. उजवी बाजू गेली होती. जीव वाचला, पाय थोडा सुधारला, बोलणं जरा ओलसर झालं, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच.

ते अजून वॉर्डात होते तेव्हा माहीमच्या कोळीवाड्यातून एकजण आला. पस्तिशीचा, लग्न झालेला माणूस, बाबांच्या हाताखाली कधीकाळी शिकलेला, आता स्वतःची पार्टी चालवणारा. टेंपोतून पडून त्यांच्या बेंजोचं लाकूड फुटलं होतं आणि नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. चाचरतच म्हणाला, "ताई, काकांचा तेवढ्यापुरता मिळाला तर." मी माळ्यावरून बेंजो काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, "कायमचा न्या. परत आणू नका." तो बघतच राहिला. मी स्वतःला समजावलं की बाबांना तो नुसता पडलेला बघवणार नाही, म्हणून दिला. तेही खरं होतं. पण शिडीवरून उतरताना मनात आलेलं अगदी पहिलं वाक्य वेगळं होतं. मला हात लावू दिला नाहीत ना, मग आता कुणाचाच नको. ते वाक्य जसंच्या तसं मी आजवर कुणापाशी बोललेले नाही.

बाबा घरी आले. नवरा जहाजावर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो, म्हणून मी आणि माझी लेक बाबांच्या खोलीत राहायला आलो. पहिल्याच दिवशी त्यांनी माळ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दुरुस्तीला दिलाय." ते "बरं" म्हणाले. त्या वर्षी खंडेनवमीला मी शस्त्रांच्या जागी माझी कात्री, लेकीचा लॅपटॉप आणि विळी मांडली. बाबांनी डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून नखी काढली आणि विळीशेजारी ठेवली. निळ्या साबणदाणीच्या झाकणातून कापलेली ती नखी होती, कडा गुळगुळीत झालेली. मी तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे घासत बसले.

आता लेकीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. ती वीस वर्षांची आहे, कॉलेज करून शनिवारी दादरला जपानी भाषेच्या क्लासला जाते. का, तर एका जपानी रॉक बँडची गाणी तिला कळायला हवीत. लोकांच्या पोरी काय काय करतात, त्यामानाने हे बरं, म्हणून मी गप्प होते. त्या गाण्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मला सगळी गाणी कुणीतरी जिन्यावरून भांडी सोडून दिल्यासारखी वाटायची.

गेल्या वर्षी त्यांचा एक मिनी अल्बम आला. तिने ती सीडी मागवली, आणि ती आली तेव्हा आमच्याकडे सीडी लावायला काही आहे का, हेही तिने बघितलं नव्हतं. नव्हतंच. मग गाणी मोबाइलवरच ऐकायची आणि सीडी कपाटात गणपतीच्या फोटोशेजारी उभी करायची, असं ठरलं.

"मिनी अल्बम म्हणजे काय गो?" बाबांनी विचारलं.

"सहाच गाणी आजोबा. पूर्ण अल्बमपेक्षा छोटा."

"म्हणजे हळदीची सुपारी. लग्नाची नाय."

सुपारी म्हणजे आमच्याकडे वाजवायचं आमंत्रण. भलतंसलतं काही मनात आणू नका.

लेकीने मग चहा घेता घेता त्या बँडची कहाणी सांगितली. चारजण, तीन मुलगे आणि एक मुलगी, समुद्राकाठच्या कुठल्याशा लहान गावातले. कितीतरी वर्षं वाजवत होते, पण कुणी विचारत नव्हतं. शेवटी त्यांनी ठरवलं की बास, आता ज्याने त्याने नोकरीला लागायचं. जाता जाता आठवण म्हणून सहा गाणी करून ठेवू. स्टुडिओ परवडत नव्हता, म्हणून त्या मुलीच्या आजीच्या घरामागे भाताचं कोठार होतं, तिथे रेकॉर्डिंग केलं. थोड्याच सीडी काढल्या, त्याही ओळखीच्यांना वाटायला. आणि त्यातलं चौथं गाणं कुणीतरी व्हिडिओखाली लावलं, मग दुसऱ्याने, मग जगभर. ज्या सीडीने बँड बंद व्हायचा होता, तिनेच त्यांना उभं केलं. आता सीडी पुन्हा काढल्यात आणि ते गावोगाव वाजवत फिरतायत.

"मी आधीपासून ऐकत होते हां त्यांना," लेक म्हणाली. "फेमस व्हायच्या आधीपासून." हे ती जो भेटेल त्याला सांगायची, अगदी दूधवाल्यालासुद्धा.

एका रविवारी सकाळी मी मांदेली साफ करत बसले होते. बाबा खिडकीशी खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. लेकीने तो छोटा स्पीकर लावला. पहिली तीन गाणी झाली, भांडी जिन्यावरून गेली. चौथं सुरू झालं. आधी काहीच नाही, नुसता एक तारेचा आवाज, थरथरता, वरून खाली येणारा. बाबांच्या हातातला पेपर खाली गेला.

"बेंजो," ते म्हणाले.

"नाही आजोबा, ते जपानी वाद्य आहे. ताईशोगोतो म्हणतात."

"माका शिकवू नको. बेंजो असा तो. आणि खालची तार उतरलीय."

लेक हट्टाने बाबांवर गेली आहे. तिने व्हिडिओच काढला आणि मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. मीही हात धुऊन उठले. कोठारात चटईवर बसलेली एक मुलगी होती, पंचवीस-सव्वीसची, केस कापलेली. तिच्यासमोर ती लांबट पेटी. वर तारा. त्यांच्यावर कींची ओळ. डावा हात कीवर, उजव्या हातात नखी. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

लेकीने तिथल्या तिथे शोधून काढलं. हे वाद्य मूळचं जपानचंच. कधीतरी बोटीतून आपल्याकडे आलं आणि आपण त्याला बेंजो म्हणायला लागलो. बाबा हसायला लागले. त्या आजारानंतर ते हसतात तेव्हा तोंडाची एकच बाजू हसते. म्हणाले, "आणि आम्ही जन्मभर समजलो, लालबागचा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुझा पार्ट तिकडनंच येत असेल."

मी मांदेल्यांकडे गेले.

मागून बाबांचा आवाज आला, "चेडू वाजवता."

"तिकडे बायकाच वाजवतात आजोबा," लेक म्हणाली. "आज्या ग्रुप करून बसतात. हिलाही तिच्या आजीने शिकवलं. सीडीच्या पुस्तिकेत लिहिलंय." तिने कपाटातून सीडी काढली आणि अडखळत, बोट ठेवत मराठीत सांगितलं, "आजीने माझा हात हातात धरून शिकवलं. आजी, हे तुझं गाणं आहे."

"परत वाच," बाबा म्हणाले. तिने परत वाचलं. माझी पाठ त्यांच्याकडे होती, आणि ती तशीच असलेली बरी होती.

त्या दिवसापासून घरात एकच धोशा लागला. "ते चौथं लाव गो." सकाळी चौथं, दुपारी चौथं. लेकीलासुद्धा कंटाळा आला. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि कॅलेंडरच्या फाटलेल्या पानांमागे डाव्या हाताने काहीतरी लिहायचे. डाव्या हाताने लिहायचा सराव करा, असं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, म्हणून मला बरं वाटलं. एकदा पान उचलून बघितलं, तर नुसते आकडे होते. अकरा, अकरा, नऊ, सात, नऊ. मी लॅबवाली. मला आकडे दिसले की आजारच दिसतो. म्हटलं, "हे काय बाबा, ऑक्सिजन लिहिताय की हिमोग्लोबिन? नऊ कोणाचं आलंय?" बाबा म्हणाले, "सराव करतंय गो." मी पान परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. रद्दीत गेलं असेल म्हणून मी विसरून गेले.

मग श्रावण लागला. एका शनिवारी मी ड्युटीवरून आले, चपला काढत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "माझा बेंजो आण."

"अहो, पार्ट..."

"पार्ट नको. मोडका असेल तर मोडका आण. उद्या तुला सुट्टी आहे. तू जाऊन आण."

चार वर्षांत त्यांनी असं काही मागितलं नव्हतं. विचारायचे, पण मागितलं नव्हतं. रात्रभर मी मनात वाक्यं जुळवली. चोरीला गेला. दुकान जळलं. दुकानदार वारला. एकापेक्षा एक भिकार. शेवटी ठरवलं की माहीमला जायचं, त्या माणसाच्या हातापाया पडायचं आणि बेंजो आणायचा. नाही मिळाला तर बाबांना खरं सांगायचं. श्रावणात बेंजो परत मागणं म्हणजे लग्नाच्या मांडवातून नवरी परत मागणं, हे मला कळत होतं. गणपती तोंडावर आले होते. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला पुढच्या श्रावणापर्यंत थांबा असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

कोळीवाड्यात त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही, कारण आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. मी जागच्या जागी उभी राहिले. ते चौथं गाणं होतं. ढोलाचा ठेका आपला, पण वरचं सगळं तेच, थरथरत वरून खाली येणारं. मला वाटलं, रील बघून उचललं असेल. हल्ली सगळं रीलवरूनच उचलतात.

ओटीवर तो माणूस बसला होता आणि त्याच्या मांडीवर बाबांचा बेंजो. रंग नवा होता, पण कडेला बाबांच्या मनगटाने झिजलेली जागा होती तशीच. मला बघून त्याने वाजवणं थांबवलं, ढोलवाल्यांना खूण केली आणि उठून उभा राहिला. त्याची आई आतून आली, हात पदराला पुसत. "बस ग बाय," म्हणाली. मी बसले, आणि समोर भिंतीला टाचणीने लावलेला कागद दिसला. कॅलेंडरचं पान. त्यावर वाकडे, मोठाले आकडे. अकरा, अकरा, नऊ, सात, नऊ.

"हा कागद कुठला?" मी विचारलं.

"काकांचा," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून गडबडला. "ताई, तुम्हाला माहीत नाही?"

रिवाज असा आहे. हंगामाची पहिली सुपारी वाजवायच्या आधी बेंजो मास्तरांकडे न्यायचा, त्यांच्या पायांना लावायचा, आणि मास्तरांनी एकदा तार लावून द्यायची. मी हे लहानपणापासून बघत आलेली. आमच्या दारात दर श्रावणात पोरांची रांग लागायची. आणि नेमकं हेच मी विसरले. मला वाटलं बेंजो दिला म्हणजे गेला. तो दर श्रावणात येत होता. मी ड्युटीवर असताना दुपारी हा माणूस बेंजो घेऊन यायचा, बाबांच्या पायांना लावायचा. बाबा डाव्या हाताने खुंट्या पिळायचे, हा तार छेडायचा, बाबा मान हलवायचे. यंदा त्यांनी हा कागदही त्याच्या हातात दिला होता. अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. शेजारच्या काकू तर त्याला चहा द्यायच्या. ठाऊक नव्हतं ते एकटीला मला.

"पहिल्याच वर्षी त्यांनी सांगितलेलं," तो खाली बघून म्हणाला, "की माझ्या मुलीला बोलू नको. तिने मला जपायला खोटं सांगितलंय, ती उघडी पडेल."

त्याची आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "रडायचं तर रड बाय, इथं कोन परकं हाय." मग मी रडले. ढोलवाले भिंतीकडे बघत बसले बिचारे.

मी मागायच्या आधीच त्याने बेंजो कापडात गुंडाळला. "काका म्हणालेत, ताई एक दिवस येतील, आल्या की दे. आज न्या. फक्त उद्या संध्याकाळी आमची प्रॅक्टिस आहे."

"उद्या दुपारी आणून देते," मी म्हटलं. "बेंजो तुमचाच आहे."

टॅक्सीत बेंजो मांडीवर घेऊन बसले. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा. कापडातून कीच्या गाठी हाताला लागत होत्या. माहीमहून लालबागला येईपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवत होते, आणि जिना चढेपर्यंत सगळं विसरले.

बाबा खिडकीशीच होते. मी त्यांच्यासमोर पाट ठेवला, पाटावर बेंजो ठेवला, कापड काढलं. लेक पलंगावर बसून बघत होती.

"बाबा, हा दुरुस्तीला दिला नव्हता," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"मी रागाने दिला होता. तुम्हाला बघवणार नाही म्हणून नाही. रागाने."

"तेही ठाऊक आहे," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत? चार वर्षं मला थापा मारायला लावल्यात."

"तू थापा छान मारायचीस," बाबा म्हणाले. "दर वेळी तो पार्ट थोडा थोडा लांबून यायचा." लेक फिसकन हसली. बाबा हसले नाहीत. त्यांचे शब्द आजारानंतर हळू येतात, त्या दिवशी आणखी हळू आले. "त्याच्याकडनं मी कधीही मागून घेतला असता. पण तो तूच आणायला हवा होता. तुला शिकवला असता, तर तू दिला नसतास. चूक माझी गो."

चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. ऐकलं की काय काय बोलायचं, तेही ठरलेलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. एवढंच म्हटलं, "जाऊ दे ना बाबा."

"जाऊ कशाला दे." त्यांनी डावा हात खिशात घातला, निळी नखी काढली आणि माझ्यापुढे धरली. "बस इकडे. उजव्या बाजूला."

मी जमिनीवर त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकून बसले, जिथे त्यांचा तो हात पडलेला असतो. त्यांनी वाकून डावा हात कीवर ठेवला. बोटं जागा विसरली नव्हती. अकरा दाबली. मी तार छेडली. कसाबसा एक बारीक आवाज निघाला.

"काय हे? रक्त काढतेस काय कुणाचं?"

"तुम्हीच म्हणायचात, हात हलका ठेव."

"ते त्या रेड्यांना सांगायचो. तुझा आहेच हलका. तू जोरात मार."

मी जोरात मारली. खोलीभर आवाज झाला, शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. अकरा, अकरा, नऊ. त्यांचं बोट आणि माझी नखी एकदा जुळायची, एकदा चुकायची. लेकीने मोबाइलवर ते चौथं गाणं लावलं, बाबांनी हातानेच "बंद कर" म्हणून सांगितलं. आम्ही परत पहिल्यापासून धरलं. पाचव्या सुरावर मी दर वेळी आधी पोचायचे, आणि ते दर वेळी तिथेच थांबायचे, न रागावता.

"बाबा, उद्या दुपारी परत द्यायचाय हा," मी म्हटलं.

"मग आज शिकून घे," बाबा म्हणाले, आणि बोट पुन्हा अकरावर ठेवलं.